तारांकित ओळी

दुसऱ्याचा प्रोजेक्ट हातात आला की मी त्यातला कोड आधी वाचत नाही. प्रोजेक्ट कशाचा आहे हे सांगणारी 'रीडमी' नावाची फाइल असते, तीही नाही. ती पाहुण्यांसाठी लिहिलेली आणि म्हणून जरा सजवलेली असते. मी उघडते ती एक लपलेली फाइल. तिच्या नावाची सुरुवात टिंबाने होते, आणि टिंबाने सुरू होणाऱ्या फाइली लिनक्सवर किंवा मॅकवर साध्या यादीत दिसत नाहीत. डॉट गिटइग्नोर. या प्रोजेक्टने कशाची दखल घ्यायची नाही, समोर असलं तरी काय पाहिलंच नाही असं समजायचं, त्याची ती यादी. एका ओळीत एक नाव, मध्येच # हे चिन्ह घालून कुणी लिहिलेला शेरा, कुठे उगाच सोडलेली रिकामी ओळ. पाच मिनिटांत वाचून होते. माणसांनी काय ठेवलं यापेक्षा काय वगळलं यावरून मला त्यांची लवकर ओळख पटते, ही माझी जुनी खोड.

या धंद्याशी ज्यांचा संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. गिट म्हणजे प्रोग्रॅमचा इतिहास राखणारं साधन. लिनस टोरवाल्ड्सने ते २००५च्या एप्रिलमध्ये लिहायला घेतलं, कारण लिनक्सच्या कामासाठी तोवर वापरलं जाणारं एका कंपनीचं साधन फुकट मिळेनासं झालं होतं. कुणी, कधी, कोणती ओळ बदलली हे गिट विसरत नाही. आज हिंजवडीपासून खराडीपर्यंत जिथे जिथे कुणी कोड लिहीत बसलं आहे, तिथे बहुतेक ठिकाणी ते मागे चालू असतं. पण काम करता करता फोल्डरात नको ते फार साचतं. कोडपासून तयार झालेल्या फाइली, ज्या पुन्हा केव्हाही तयार करता येतात. दुसऱ्यांनी लिहिलेल्या लायब्ऱ्यांचा 'नोड मॉड्यूल्स' नावाचा अगडबंब फोल्डर, जो आपल्या चिमूटभर कोडच्या शेकडो पट मोठा असतो. प्रोग्रॅम चालताना स्वतःशी पुटपुटतो ते लॉग. पासवर्ड आणि चाव्या ठेवलेली 'डॉट एन्व्ह'. हे सगळं इतिहासात गेलं तर इतिहासच वाचता येणार नाही. म्हणून ही यादी.

आमचं ऑफिस भांडारकर रस्त्याच्या एका गल्लीत, जुना बंगला पाडून उभ्या राहिलेल्या इमारतीत आहे. गेल्या पावसाळ्यात लातूरकडची एक मुलगी नवीन रुजू झाली. पहिल्याच आठवड्यात तिने विचारलं, "मॅडम, नको असलेल्या वस्तूंची ही यादी आपण गिटमध्ये कशाला ठेवतो? वस्तू नको, तर यादी तरी कशाला हवी?" कारण खरोखरच असं आहे की वगळायच्या फाइली इतिहासात जात नाहीत, पण त्यांची नावं जातात. यादी स्वतः रीतसर नोंदवलेली असते. तिच्यातही कुणी, कधी, कोणती ओळ घातली ते दिसतं. मी म्हटलं, तुझ्यासारख्या नव्या माणसाला ते सगळं पहिल्यापासून शिकायला लागू नये म्हणून. ती "हं" म्हणाली. ते "हं" पटल्याचं नव्हतं.

तिला मी आमच्याकडच्या एका जुन्या प्रोजेक्टची यादी उघडून दाखवली. खालून वर वाचत गेलं की माणसं दिसतात. 'डॉट आयडिया' ही ओळ आहे म्हणजे जावा लिहिणारा कुणी तरी होता आणि त्याला तो अमुक एक महागडा एडिटरच लागायचा. 'एसडब्ल्यूपी' शेपटीच्या फाइली वगळल्या आहेत म्हणजे कुणी तरी व्हिम या एडिटरमध्ये काम करायचा. अशी माणसं माउसला हात लावत नाहीत आणि ते तुम्हाला कळेल अशा बेताने बसतात. 'थम्ब्ज डॉट डीबी' म्हणजे विंडोज, तेही जुनं. 'डॉट डीएस स्टोअर' पुढे आलं तेव्हा कंपनीत पहिला मॅक आला असणार, आणि तो साहेबांकडेच आला असणार. यातले बहुतेक आता इथे नाहीत. एक बंगळुरूला गेला, एक न्यू जर्सीत आहे, एकाने नोकरी सोडून भोरजवळ शेती घेतली. त्यांनी लिहिलेला कोडही हळूहळू बदलला गेला. त्यांच्या यंत्रांनी मागे टाकलेल्या कचऱ्याचं नाव मात्र यादीत टिकून आहे, कारण ती ओळ काढायचं धाडस कुणी करत नाही. काढली आणि काही बिघडलं तर?

खरं तर हे सगळं यादीत येण्याचं कारणच नव्हतं. ज्याच्या-त्याच्या एडिटरचा पसारा ज्याने-त्याने आपल्याकडे वगळावा यासाठी गिटने दोन सोयी ठेवल्या आहेत. एक, आपल्या यंत्रावरच्या सगळ्या प्रोजेक्टना लागू होणारी स्वतःची यादी. दुसरी, प्रोजेक्टच्या पोटात 'इन्फो' फोल्डरात असलेली 'एक्स्क्लूड' नावाची फाइल; ती दुसऱ्या कुणाकडे कधीच जात नाही. म्हणजे चारचौघांत वगळायचं वेगळं आणि खासगीत वगळायचं वेगळं. इतकं तारतम्य यंत्राला आहे. आपण मात्र सगळं एकाच चव्हाट्यावरच्या यादीत घालून मोकळे होतो.

तर त्या यादीतलं माझं आवडतं चिन्ह म्हणजे तारा. *. तारा टिंब लॉग असं लिहिलं की लॉग या शेपटीच्या झाडून सगळ्या फाइली गेल्या. नाव काहीही असो. त्या मुलीला हे समजावताना मला एकदम आठवलं की इथून चालत जाण्याच्या अंतरावर, लॉ कॉलेज रस्त्यावर, याच चिन्हाने वगळण्याचं केवढं तरी मोठं काम झालेलं आहे.

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढायची ठरवलं आणि १९१९च्या एप्रिलमध्ये रामकृष्ण गोपाळ भांडारकरांच्या हस्ते कामाला सुरुवात झाली. संपलं १९६६ला, सर्वपल्ली राधाकृष्णन राष्ट्रपती असताना. १९ खंड, आणि त्यांच्यासाठी तपासलेली १२५९ हस्तलिखितं. शारदा, नेवारी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा लिप्यांमधली. विष्णु सीताराम सुखटणकर १९२५ला मुख्य संपादक झाले; केंब्रिजला गणित शिकलेला, बर्लिनला भाषाशास्त्राची शिस्त अंगी बाणवलेला माणूस. त्यांनी बसवलेली पद्धत वाचली की आमच्या धंद्यातल्या माणसाच्या अंगावर काटा येतो. आडव्या-उभ्या रेघांनी आखलेले कागद. समासात हस्तलिखितांची नावं. आणि शास्त्री आणि पदवीधर मंडळी एकेका श्लोकाचा प्रत्येक पोथीतला पाठ अक्षर-अक्षर आपापल्या घरात उतरवत आहेत, म्हणजे फरक उभ्या रांगेत डोळ्यांना दिसावा. पुण्यातच नव्हे, तंजावरला आणि शांतिनिकेतनलाही हीच जुळणी चाललेली. दोन प्रतींमधला फरक रंगवून दाखवण्याचं काम आज आमच्यासाठी गिट क्षणात करतं आणि तरी आम्ही कंटाळतो.

मग निवाडा. शतकानुशतकं नकलाकारांनी, कीर्तनकारांनी, भाविकांनी घातलेली भर ओळखायची आणि मूळ संहितेबाहेर काढायची. काढायची म्हणजे कुठे टाकायची? इथे सुखटणकरांचं मोठेपण आहे. त्यांनी काहीही टाकलं नाही. वर मोठ्या टायपात स्वीकारलेली संहिता. पानावर आडवी रेघ. रेघेखाली लहान टायपात सगळे पाठभेद आणि वगळलेल्या ओळी, प्रत्येकीला क्रमांक आणि क्रमांकाला तारा. लांबलचक प्रसंग असतील तर ते मागे परिशिष्टात. आणि जो शब्द ठेवला आहे पण ज्याबद्दल संपादकाच्या मनात पुरती खात्री नाही, त्याच्याखाली नागमोडी रेघ. ती नागमोडी रेघ मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा किती तरी वेळ त्याच पानावर होते. आमच्या कुठल्याही साधनात ही सोय नाही. गिटला एक तर फाइल घ्यायची असते किंवा घ्यायची नसते.

वगळलेल्यांमध्ये कोण कोण आहे? वस्त्रहरणाच्या वेळी द्रौपदी कृष्णाचा धावा करते, ते श्लोक. सभापर्वाचे संपादक फ्रँकलिन एजर्टन हे अमेरिकन पंडित. त्यांनी पोथ्यांच्या पुराव्यावर ते रेघेखाली नेले. आता वरच्या संहितेत वस्त्र नुसतं येत राहतं, कुणी धावा केल्यावाचून. आणि आदिपर्वात खुद्द सुखटणकरांनी वगळलेली गोष्ट म्हणजे गणपतीची. व्यासांनी सांगायचं आणि गणपतीने लिहायचं, हात थांबला तर मी उठलो ही गणपतीची अट, आणि अर्थ कळल्याशिवाय लिहू नकोस हा व्यासांचा तोडीस तोड तोडगा. ही गोष्ट मूळची नाही म्हणून परिशिष्टात गेली. तीही पुण्यात! कसबा गणपतीपासून दोन-अडीच मैलांवर बसून एक माणूस शांतपणे पुरावे मांडतो आणि गणपतीला महाभारताच्या लेखनिकपदावरून उतरवतो. १९३३ला आदिपर्व पूर्ण झालं. मला त्या काळातलं पुणं डोळ्यांपुढे आणून बघावंसं वाटतं, आणि उगाच हसू येतं.

पण गणपती उतरला का? गिटचा एक नियम आहे जो प्रत्येक नवशिक्याला एकदा तरी छळतो. यादीत नाव घातलं तरी जी फाइल आधीच नोंदवली गेली आहे तिच्यावर काही परिणाम होत नाही. वगळणं लागू पडतं ते फक्त अजून दप्तरी न आलेल्याला. मुलं वैतागून येतात, "मॅडम, इग्नोरमध्ये टाकलंय तरी दिसतंच आहे." दिसणारच. यादीत नाव यायच्या आधी ती फाइल आत आली आहे. तिला आधी वेगळी आज्ञा देऊन नोंदीतून सोडवावं लागतं आणि मग यादी काम करते. भाद्रपदात कुठल्याही मांडवात उभं राहा; लाउडस्पीकरवरून कुणी ना कुणी महाभारत लिहिणाऱ्या गणपतीचं वर्णन करतच असतं. आमच्या गल्लीतल्या मंडळाने तर एकदा तोच देखावा केला होता, व्यासांचा हात यंत्राने वर-खाली होणारा. सुखटणकरांची यादी निर्दोष आहे. फाइल आधीची आहे.

आणि सोडवलं तरी मागच्या इतिहासात ती राहतेच. चावी असलेली डॉट एन्व्ह चुकून पुश होण्याचे, म्हणजे सर्व्हरवर चढवली जाण्याचे, प्रकार या शहरात रोज कुठे ना कुठे होत असणार. पुढच्या क्षणी ती काढून टाकली तरी आदल्या नोंदीत ती जशीच्या तशी वाचता येते, आणि उघड्यावर पडलेल्या चाव्या हुडकत फिरणं एवढंच काम असलेले प्रोग्रॅम असतात. इतिहास पुन्हा लिहायची हत्यारं आहेत. पण गिटमध्ये प्रत्येक नोंदीची ओळख तिच्या आधीच्या नोंदीवर बेतलेली असते. मागची एक बदलली की तिच्या पुढच्या सगळ्यांची ओळख बदलते आणि ज्यांच्याकडे जुन्या प्रती आहेत त्यांचं तुमच्याशी जुळेनासं होतं. म्हणून जाणती माणसं इतिहासाच्या नादी लागण्याआधी मुकाट्याने कुलूप बदलतात.

त्या मुलीला यातलं काय आवडलं असेल तर उद्गारचिन्ह. यादीत एखाद्या नावाआधी ! घातलं की ते नाव वगळण्यातून सुटतं. सगळे लॉग नकोत, पण हा एक हवा. तिने हौसेने लगेच वापरून पाहिलं आणि ते चाललं नाही. तिने अख्खा फोल्डर वगळला होता आणि आतली एक फाइल वाचवू पाहत होती. फोल्डरच वगळला असेल तर गिट आत डोकावतच नाही, वेळ वाचावा म्हणून. मग आत कुणाला सूट दिली आहे हे त्याला कळणार कसं? "हे बरोबर नाही," ती म्हणाली. गिटचं चूक आहे असं तिला म्हणायचं नव्हतं. मी पण काही बोलले नाही.

आणखी एक गोष्ट मी तिला सांगितली, ती बऱ्याच मुरलेल्या लोकांनाही ठाऊक नसते. वगळलेली फाइल गिटच्या लेखी बिनमोलाची असते. एका शाखेवरून दुसरीवर जाताना त्याच नावाची नोंदवलेली फाइल समोर आली तर तुमच्या वगळलेल्या फाइलीवर ती बिनदिक्कत लिहिली जाऊ शकते, न विचारता. जी फाइल यादीतही नाही आणि नोंदीतही नाही, तिच्यासाठी गिट थांबतं, कुरकुरतं, तुम्हाला विचार करायला लावतं. यादीत नाव घालणं म्हणजे एका परीने सही करून देणं, की हिचं काहीही झालं तरी माझी तक्रार नाही.

लॉगची ओळ मात्र मला अलीकडे टोचते. तिचं कारण पुन्हा पुण्यातलंच आहे. पेशव्यांचं दप्तर इथे आहे, रुमालांत बांधलेलं, हजारो रुमाल. त्या काळी लिहिणाऱ्यांच्या दृष्टीने इतिहास होता तो बखरींत, पत्रांत, मोहिमांच्या खलित्यांत. रोजकीर्द ही नुसती रोजची नोंद: कुणाला काय दिलं, कशावर जकात घेतली, कुणाला काय दंड झाला. आमच्या भाषेत लॉग. ग्रँट डफने १८२६ला मराठ्यांचा इतिहास छापला तो मुख्यतः लढायांचा आणि राजकारणाचा. पुढे गणेश चिमणाजी वाड यांनी पेशव्यांच्या रोजनिशीतून उतारे काढले आणि १९०० साली न्यायमूर्ती रानड्यांनी त्यांवर निबंध वाचला. राज्य कसं चालत होतं, टांकसाळी, जकाती, न्याय, देणग्या, दारूवरची बंदी, हे सगळं त्यांना त्या रूक्ष नोंदींत सापडलं. लढाया जिंकणाऱ्यांच्या हकिकतीत ते नव्हतं. गोविंद सखाराम सरदेसायांनी १९३०च्या दशकात दप्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड काढले. पंचेचाळीस! आणि तरी तो निवडकच भाग; न निवडलेलं अजून रुमालांत आहे, आणि पुढच्या पिढ्यांचे अभ्यासक त्यातच बसून पीएचड्या करतात.

सध्या आम्ही मार्केट यार्डातल्या एका फळव्यापाऱ्यासाठी छोटंसं काम करतो आहोत. गाळ्यावर आवक किती, भाव काय, ते फोनवर विचारता येईल असं काही तरी. तो प्रोग्रॅम प्रत्येक विचारणा लॉगमध्ये लिहितो: पहाटे चार वाजून दहा मिनिटं, डाळिंब, चार अकरा, पुन्हा डाळिंब, तोच नंबर, चार बारा, पेरू. कुणी किती घासाघीस केली हे त्यात नाही, पण कोण कशासाठी किती वेळा परत आलं हे आहे. यादीत ती ओळ पहिल्या दिवसापासून आहे, तारा टिंब लॉग, मीच घातलेली, आणि दोन आठवड्यांनी जुने लॉग आपोआप पुसले जातात. मी एकदा जेवताना हळूच म्हटलं, हे ठेवायला हवेत का? शेजारचा सहकारी डबा पुढे सरकवत म्हणाला, "अगं, डिस्क भरेल. आणि लॉग गिटमध्ये कोण ठेवतं?"

कुणीच नाही, आणि ठेवूही नयेत. त्याचं बरोबरच आहे. शिवाय त्यात लोकांचे नंबर आहेत, ते पुसायलाच हवेत. ठेवायचे तर नंबर गाळून, वेगळे ठेवायला हवेत. पण वेगळे ठेवायचे म्हणजे कुणी तरी रुमाल बांधायला हवा, वर साल घालायला हवं, कपाट द्यायला हवं, आणि वाळवी लागली नाही ना हे मधूनमधून बघायला माणूस हवा. पेशव्यांकडे फडणीस होते. आमच्याकडे अडीच माणसं आहेत, त्यातलं अर्धं मे महिन्यापर्यंतच.

ती मुलगी ऐकत होती. दुपारी माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मॅडम, नंबर काढून टाकते आणि चौदाच्या ऐवजी तीस दिवस करू का?" मी म्हटलं, कर. "तीसच का?" मग तिनेच विचारलं, आणि मला सांगता आलं नाही, नव्वद म्हणाले असते तरी सांगता आलं नसतं. आता ती म्हणते, आपण ठरवण्यापेक्षा शनिवारी शेठजींनाच विचारते, त्यांना कुठले दिवस हवेत ते. आंब्याच्या हंगामाचे ठेवा, बाकीचे काय करायचेत, असं म्हणतील बहुधा.